केबिनच्या खिडकीतून : भैरोसिंग जिवंत होते

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की युद्धावरचा सिनेमा बघताना आपण रडतो भरपूर, पण विचारत काहीच नाही. त्यावर इतकी पत्रं आली की पोस्टमननं हाक मारून गठ्ठाच हातात दिला. सोलापुरात एकतीस वर्षं मी टॉकीजच्या केबिनमध्ये ऑपरेटर होतो. सिनेमा बघितला तो हातभर खिडकीतून, कानाशी मशीनची घरघर घेऊन. त्या खिडकीतून पडदा दिसतो तसा प्रेक्षकही दिसतो. कोण कुठल्या प्रसंगाला मान खाली घालतं, कोण उठून बाहेर जातं, ते तिथूनच कळतं. त्या नोकरीवर आणि निवृत्तीनंतर लायब्ररीत बसून जे वाचलं त्यावर भरवसा ठेवून उत्तरं देतोय. सहा पत्रं निवडली आहेत. पहिल्या आणि शेवटच्या पत्राला जास्त जागा दिली, कारण ती दोन्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल आहेत.

प्रश्न : माझे आजोबा फौजेत होते, १९७१च्या लढाईत होते. टीव्हीवर 'बॉर्डर' लागला की आम्ही सगळे बसतो, पण ते उठून बाहेर कट्ट्यावर जातात. विचारलं तर 'असं नसतं' एवढंच म्हणतात. लोंगेवालाची लढाई खरंच तशी झाली होती का? — एक विद्यार्थिनी, मोहोळ

बाळ, आजोबा बरोबर आहेत. आणि सिनेमाही सगळा खोटा नाही. दोन्ही सांगतो.

४ डिसेंबर १९७१ची रात्र. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातलं लोंगेवाला ठाणं. २३ पंजाब पलटणीची एक कंपनी, म्हणजे जेमतेम सव्वाशे माणसं, आणि त्यांचे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून रणगाड्यांचा ताफा आला, त्याच्यामागं मोठं पायदळ. मागं सरकायची मुभा असताना चांदपुरींनी ठाणं धरून ठेवलं. रात्र निघाली, उजाडलं, आणि जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी वाळूत उघड्यावर सापडलेले रणगाडे फोडून काढले. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं. हे सगळं घडलं, आणि सिनेमात ते आहे.

सिनेमा इतिहासाचं बोट सोडतो ते मरणापाशी. पडद्यावर शेवटी आपले जवान एकामागून एक पडतात. प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी आपल्याला आधी दाखवलेलं असतं, त्यामुळं हुंदका आवरत नाही. प्रत्यक्षात त्या ठाण्यावरच्या लढाईत आपले दोन जवान कामी आले. दोन जीव थोडे नव्हेत. त्या दोन घरांना विचारलं तर सगळं जगच गेलं होतं. पण पडद्यावर जे मरण दाखवलंय त्याच्याशी या आकड्याचा मेळ बसत नाही.

इतके कमी का गेले, यातच त्या रात्रीची खरी गोष्ट आहे, आणि तीच सिनेमात हरवली. ठाणं वाळूच्या टेकाडावर होतं, भोवती काटेरी तार होती. रणगाडे तारेपाशी आले आणि थांबले. पुढं सुरुंग पेरलेत अशी त्यांची समजूत झाली. सुरुंग काढणारी माणसं येईपर्यंत वाट बघण्यात त्यांचे तास गेले. मऊ वाळूत गाड्या रुतल्या त्या वेगळ्याच. वरून आपल्या माणसांच्या हाती जीपवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ आणि थोडी हत्यारं. विमानं मागवली होती, पण हंटरला रात्री उडून मारा करण्याची सोय नव्हती, म्हणजे उजाडण्याशिवाय इलाज नाही. त्या सव्वाशे माणसांनी त्या रात्री जे केलं, त्यातला मोठा भाग थंडीत, अंधारात, समोर इंजिनं गुरगुरत असताना जागेवर बसून राहण्याचा होता.

हा सिनेमा १९९७ साली आमच्याकडं लागला तेव्हा इंटरव्हलला अक्कलकोट रोडचे एक निवृत्त हवालदार केबिनचा जिना चढून वर आले. मी पुढचं रीळ लावत होतो. त्यांनी फक्त टाइम विचारला. मी सांगितला. मग म्हणाले, की लढाईतली आपली आठवण म्हणजे घड्याळाचे रेडियमचे काटे. रात्री किती वेळा बघितले त्याला हिशेब नाही, आणि दर वेळी पाचच मिनिटं झालेली असायची. एवढं बोलून ते खाली गेले, ते परत आत बसलेच नाहीत. तुझ्या आजोबांचं पत्रात वाचलं आणि मला ते आठवले.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती सांगतो. सिनेमात भैरोसिंग नावाचा सीमा सुरक्षा दलाचा जवान आहे. नुकतं लग्न झालेलं, वाळवंटावर आईसारखी माया. तो या लढाईत मरतो. दिवसाला चार खेळ, असं कित्येक आठवडे मी त्याला रोज चारदा मरताना बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात चेंजओव्हरचा ठिपका, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं रीळ सुरू करायची खूण, कधी येतो इकडं माझं लक्ष असायचं, तरी त्या प्रसंगाला घशात आवंढा यायचा. हॉलमधल्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. आणि खरे भैरोसिंग राठोड त्या वेळी राजस्थानात आपल्या गावी जिवंत होते. सीमा सुरक्षा दलाचे नाईक, लोंगेवाल्यात लढले, १९७२ साली त्यांना सेना पदक मिळालं. १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरला वारले. वय ८१. सिनेमा आल्यावर पंचवीस वर्षं हा माणूस जगला, आणि देशभरातली माणसं त्याला हुतात्मा समजत होती.

काय वाटलं असेल त्यांच्या घरच्यांना? पात्राचं नाव बदललं असतं तर काही बिघडत नव्हतं. सिनेमाला वेळ कमी असतो, चार माणसांचं एक करावं लागतं, ते मला कळतं. पण खरं नाव घेतलं की त्या माणसाचं जगणं-मरणही खरंच ठेवायला पाहिजे, ही माझी एकच मागणी आहे, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत तीच येणार आहे.

आजोबांना लढाईबद्दल विचारू नकोस. त्या रात्री जेवायला काय होतं ते विचार. अंगावर काय होतं, थंडी किती होती, शेजारी कोण होतं, त्या माणसाचं गाव कुठलं. सिनेमा चालू असताना विचारू नकोस, दुसऱ्या कुठल्या तरी संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन शेजारी बस. सांगतील.

प्रश्न : डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे. वर्गात मुलांना व्ही. शांताराम यांचा सिनेमा दाखवायचा विचार आहे. इतिहास म्हणून दाखवावा का? — एक शिक्षक, सोलापूर

सर, जरूर दाखवा, पण दाखवून झाल्यावर एक तास वेगळा ठेवा.

द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्यांवर उपचार करायला. बाकीचे परतले, हे राहिले. तिथल्याच एका परिचारिकेशी, गुओ छिंगलान यांच्याशी, लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं इनहुआ. त्यात भारत आणि चीन ही दोन्ही नावं आहेत. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय बत्तीस.

'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला १९४६ साली, म्हणजे मृत्यूनंतर चारच वर्षांनी. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून. शांतारामबापूंनी स्वतः डॉक्टरांचं काम केलं आणि जयश्रीबाईंनी त्यांच्या चिनी पत्नीचं. आज मुलं विचारतील, की चिनी बाई आपल्या मराठी नटीनं का केली? विचारू द्या. त्या काळी कच्ची फिल्म परवान्याशिवाय मिळत नव्हती, चीन पेटलेला होता, आणि सिनेमा मुंबईत उभा राहत होता. डोंगर, बर्फ, रणांगण सगळं उसनं. त्यात प्लेगच्या साथीचा मोठा प्रसंग आहे, तो नाटकाच्या गरजेतून आलाय. प्रत्यक्षात डॉक्टरांची झीज झाली ती रोजच्या कामानं. जखमी आले की रात्रंदिवस शस्त्रक्रिया, औषधांची टंचाई, त्यात शिकवायचं, त्यात स्वतःचं दुखणं. रोज थोडं थोडं झिजणारा माणूस पडद्यावर दाखवणं अवघड असतं. साथ दाखवणं सोपं.

आणखी एक. पडद्यावर शेवटी पत्नी लेकराला घेऊन डॉक्टरांच्या घरी येते. तो प्रसंग बघून माझी आई दर वेळी रडायची. खरं तर त्या बाई चीनमध्येच राहिल्या, भारतात अधूनमधून पाहुण्या म्हणून आल्या, आणि २०१२ साली तिकडंच वारल्या. मुलगा इनहुआ १९६७ साली ऐन पंचविशीत गेला. हे सिनेमाला कुठून ठाऊक असणार! म्हणून म्हणतो, वेगळा तास ठेवा. सिनेमा झाल्यावर मुलांना भैय्या चौकाजवळच्या स्मारकात न्या. तिथं फोटोतले कोटणीस बघू द्या. पडद्यावरच्या बापूंपेक्षा ते किती कोवळे दिसतात, हे मुलांना पटकन दिसेल.

प्रश्न : 'टायटॅनिक'मधली प्रेमकथा काल्पनिक आहे हे माहीत आहे. बाकी जहाज बुडण्याचं किती खरं? — एक वाचक, पंढरपूर

जहाजाचं बरंचसं खरं. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे ते बुडालं, दीड हजाराच्या वर माणसं गेली. बुडताना त्याचे दोन तुकडे झाले, हे १९८५ साली समुद्राच्या तळाशी अवशेष सापडले तेव्हा पक्कं झालं. त्याआधीच्या १९५८च्या गाजलेल्या इंग्रजी सिनेमात ते अखंड बुडतं. १९९७च्या सिनेमात आकाशातले तारे चुकले होते, एका शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, आणि २०१२ साली सिनेमा पुन्हा लावताना दिग्दर्शकानं ते दुरुस्त केले.

ताऱ्यांचं ठीक झालं. पण त्याच सिनेमात जहाजाचे पहिले अधिकारी विल्यम मरडॉक प्रवाशावर गोळी झाडतात आणि मग स्वतःवर. त्यांनी असं केल्याचा ठोस पुरावा नाही. स्कॉटलंडमधल्या डालबीटी या त्यांच्या गावी माणसं दुखावली, नातेवाइकांनी आवाज उठवला. १९९८ साली सिनेमा कंपनीच्या अधिकाऱ्याला त्या गावात जाऊन माफी मागावी लागली, आणि गावातल्या शाळेत मरडॉक यांच्या नावानं जे बक्षीस देतात त्याला पाच हजार पौंड दिले. सिनेमातला तो प्रसंग मात्र तसाच आहे. आजही कुणी तरी तो पहिल्यांदा बघत असेल.

प्रश्न : 'डंकर्क' बघितला. इतका खरा वाटला की थिएटरात श्वास कोंडला. याहून अचूक युद्धपट असू शकतो का? — एक अभियंता, पुणे

यंत्रांच्या बाबतीत अचूक आहे, मान्य. खरी विमानं उडवली, खऱ्या किनाऱ्यावर शूटिंग केलं, १९४० साली प्रत्यक्ष तिथं गेलेल्या काही बोटीही आणल्या. मे-जून १९४०मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर जर्मनांनी कोंडलेले दोस्त राष्ट्रांचे तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक सोडवले, तेही खरं.

पण साहेब, त्या किनाऱ्यावर आपलीही माणसं होती. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरांच्या कंपन्या फ्रान्सला पाठवल्या होत्या. डिसेंबर १९३९मध्ये मुंबईच्या धक्क्यावरून निघालेल्या. हिवाळ्यात गाड्या अडतील तिथं सामान वाहायला. त्यातली काही माणसं डंकर्कहून निघाली, एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली, खेचरं तिथंच सोडावी लागली. सिनेमात ही माणसं दिसत नाहीत, आणि आला तेव्हा भारतात आणि इंग्लंडातही अनेकांनी हे बोलून दाखवलं.

पटक्यातली चार माणसं, लगाम हातात धरून मागून चालताना एकदा दिसली असती तरी भागलं असतं. खेचराला मागं सोडून बोटीत चढणाऱ्या माणसाला काय होतं, हे खेड्यातल्या प्रत्येकाला कळतं. सिनेमातल्या चुका लोक बघतात त्या जे दाखवलंय त्यात. मला वाटतं, कोण दाखवलंच नाही तेही मोजायला पाहिजे.

प्रश्न : खऱ्या दुर्घटनांवर आता सारख्या वेब मालिका येतात. लोकांच्या दुःखाचा धंदा होतोय असं वाटत नाही का? — एक गृहिणी, बार्शी

ताई, कधी कधी वाटतं. पण एक अनुभव सांगतो, मग ठरवा.

'बॉर्डर' ज्या दिवशी प्रदर्शित झाला, १३ जून १९९७, त्याच दिवशी दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये तोच सिनेमा चालू असताना आग लागली. खाली पार्किंगच्या मजल्यावर ट्रान्सफॉर्मर पेटला आणि धूर वर चढला. ५९ माणसं गेली. बहुतेक बाल्कनीतली, आणि धुरानं गुदमरून. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून उजव्या बाजूची वाट बंद केलेली होती.

ती बातमी मी केबिनमध्ये उभ्या उभ्या वाचली. मी ज्या टॉकीजमध्ये होतो तिथंही हाउसफुल्लच्या दिवशी कडेच्या वाटेत जादा खुर्च्या टाकायची रीत होती. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं, मलाही वाटलं नव्हतं. त्या रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर मी आणि डोअरकीपर बाल्कनीत गेलो, दिवे घालवले, आणि अंधारात दाराकडं चालून बघितलं. मी तिसऱ्या पावलाला खुर्चीवर आदळलो. दुसऱ्या दिवशी मॅनेजरशी भांडलो आणि त्या खुर्च्या काढायला लावल्या. एक बाजूचं दार कायम बाहेरून कडी घालून असायचं, ती कडी मी स्वतः काढून घरी आणली. अजून आहे.

उपहारमध्ये आपली दोन्ही मुलं गमावलेल्या आई-वडिलांनी पुस्तक लिहिलं, वर्षानुवर्षं कोर्टात लढले, आणि त्या पुस्तकावरून २०२३ साली मालिका आली. ती मी बघितली, आणि ती मला पटली. तिला आग मोठी करून दाखवण्यात रस नाही. खुर्च्या, दारं, कोर्टाच्या तारखा, घरातलं मुलांचं रिकामं कपाट, हे दाखवण्यात आहे. ज्यांचं गेलं त्यांनी सांगितलेली गोष्ट होती ती. मालिका बघताना तेवढं विचारा, की ही गोष्ट कुणाच्या तोंडची आहे.

प्रश्न : आमच्या गावात ९३च्या भूकंपावर लघुपट करायला कॉलेजची मुलं आली आहेत. त्यांना माझ्या सासूबाईंना बोलतं करायचंय. त्या रात्री त्यांची दोन लेकरं गेली. त्या 'बघू' म्हणतात, नाही म्हणत नाहीत. कॅमेऱ्यासमोर बसवावं का? मुलं चांगली आहेत, पण खरं दाखवतील का? — एक सून, उमरगा तालुका

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

त्या रात्री मी सोलापुरात होतो. अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा घरी आलेले. पहाटे चारला थोडा अवकाश असताना पलंग हलला. मांडणीवरची भांडी पडली, बायको पोरांना घेऊन बाहेर पळाली, सगळी गल्ली रस्त्यावर. आम्हाला वाटलं आमच्याकडंच झाला. सकाळी किल्लारीचं, सास्तूरचं कळलं. गावात घरोघर भाकरी थापायला लागल्या. तिसऱ्या दिवशी चादरींचा एक ट्रक निघाला, नळदुर्ग-उमरगा मार्गे, त्यात मी चढलो.

माझ्या डोक्यात भूकंप म्हणजे सिनेमातला होता. जमीन दुभंगते, माणसं किंचाळत पळतात. तिथं तसं काही नव्हतं. सगळं काही सेकंदांत उरकलं होतं, झोपेतच. मी जे बघितलं ते सांगतो, ते त्या मुलांना वाचून दाखवा.

घरांचे लाकडी खांब आणि तुळया काही ठिकाणी उभ्याच होत्या. भिंती नव्हत्या. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती, ओबडधोबड दगड मातीत रचलेले, त्या दोन्ही अंगांनी सुटून खाली आल्या होत्या. वर माळवद. फळ्यांवर वर्षानुवर्षं चढवलेला मातीचा थर, दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आणखी एक हात. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून आजा-पणजानं केलेली सोय. तीच अंगावर आली. ज्यांचं छप्पर पत्र्याचं किंवा गवताचं होतं त्यातले बरेच वाचले. गरिबांच्या झोपड्या टिकल्या आणि वाडे गेले. भूकंप सहाच्या थोडा वर होता, जगात याहून कितीतरी मोठे होतात. आपला भाग तर तेव्हा देशाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याचा म्हणून रंगवलेला होता. माणसं गेली दहा हजारांच्या आसपास.

आणि आवाज. पाऊस झाला होता, चिखल होता, जवान दगड उपसत होते, पण माझ्या कानात राहिला तो म्हशींचा. दावणीला तशाच राहिलेल्या म्हशी, दोन-तीन दिवस धार काढलेली नाही, कासा दगड झालेल्या. काढणारी माणसं ढिगाखाली. एक बाई, तिचं कोण गेलं होतं ते मी विचारलं नाही, ती एकेक म्हैस धरून धार मातीत सोडत होती. दूध चिखलात पांढरं वाहत होतं. ही तिच्या घरची जनावरं नव्हती. हे मी आजवर कुठल्या सिनेमात बघितलेलं नाही, आणि कुठल्या लेखकाला सुचेल असंही वाटत नाही.

तर सासूबाईंचं. त्या 'बघू' म्हणाल्या आहेत, तर तो शब्द त्यांचा राहू द्या. त्याचा 'हो' तुम्ही करू नका, आणि 'नाही'ही करू नका. मुलांना सांगा, पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीत ठेवून या. भाकरी खा, जनावरांना वैरण घाला, सासूबाईंच्या शेजारी बसा. जुन्या गावठाणात त्यांना सोबत घेऊन जा, पण त्या म्हणाल्या तरच. घर किती खणांचं होतं ते विचारा. माळवदावर माती कुठली आणायचे, पाऊस लागला की कोण वर चढायचं, ते विचारा. घरापासून सुरुवात केली की बाई लेकरांपर्यंत आपल्या पावलानं येते, किंवा येत नाही. आली नाही तर तिथंच थांबायचं.

कॅमेरा हलवून भूकंप दाखवणार असतील तर नको म्हणून सांगा. दुसरी लेकरं आणून त्यांच्या लेकरांची कामं करून घेणार असतील तर नावं घ्यायची की नाहीत, हे फक्त सासूबाई ठरवतील. लघुपट तयार झाला की लोकांना दाखवायच्या आधी त्यांना दाखवायचा, घरी, दार लावून, शेजारी तुम्ही बसून. एखादा तुकडा काढा म्हणाल्या तर काढायचा. मुलं खरंच चांगली असतील तर याला तयार होतील. कुरकुर केली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि त्यांना एकदा सोलापूरला माझ्याकडं पाठवून द्या. चाटी गल्लीतून किती चादरी निघाल्या, ट्रकमध्ये कोण कोण होतं, भाकऱ्या किती दिवस टिकल्या, परतीच्या वाटेवर आम्ही दहा माणसं नळदुर्गपर्यंत एक शब्द का बोललो नाही, हे मी कुणाला अजून नीट सांगितलेलं नाही. त्यांनी कॅमेरा आणला तरी चालेल.